ओमाहाच्या टेकाडावरची 352

नमस्कार, श्रोतेहो.

6 जून 1944, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांचं सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरलं तो दिवस. त्याची गोष्ट आपण बहुतेक वेळा समुद्राच्या बाजूनं ऐकतो. नॉर्मंडीचा किनारा येतो, बोटीची फळी पडते, पोरं कमरेइतक्या पाण्यात उड्या टाकतात आणि समोरच्या टेकाडावरून मशीनगन सुरू होते. आज मी टेकाडावर कोण होतं ते सांगणार आहे. अमेरिकन उतरले त्या ओमाहा नावाच्या किनारपट्टीवर जर्मनांची 352 वी पायदळ डिव्हिजन, म्हणजे काही हजार शिपायांची फौज, होती.

ही डिव्हिजन म्हणजे रशियन आघाडीवर मुरलेली, निवडक माणसांची फौज, असं युद्धानंतर कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. ओमाहावर इतकी माणसं पडली, तेव्हा समोर तालेवार शत्रू असणारच, असा तो हिशेब. मला तो पटत नाही.

नोव्हेंबर 1943 मध्ये सें-लो गावाच्या परिसरात ही डिव्हिजन उभी राहिली. रशियात चिंधड्या उडालेल्या 321 व्या डिव्हिजनमधून वाचलेले अधिकारी आणि जुने शिपाई हा तिचा कणा. बाकी सगळी खोगीरभरती! सतरा-अठरा वर्षांची पोरं, आणि त्यांच्या जोडीला पूर्वेकडून आणलेले हजार-दीड हजार मदतनीस. डिव्हिजनचे एक प्रमुख अधिकारी होते फ्रिट्झ त्सीगेलमान. युद्ध संपल्यावर अमेरिकनांच्या कैदेत असताना त्यांनी या सगळ्याचा वृत्तांत लिहून दिला. घरी पुरेसं खायला न मिळाल्यानं ही पोरं अशक्त होती, त्यांना दूध मिळावं म्हणून खटपट करावी लागली, असं ते लिहितात. मार्च उजाडेपर्यंत एकेकानं हातबाँब फेकले होते ते दोन-तीन. नेमबाजीचा सरावही तेवढाच. महायुद्धाच्या इतिहासात दुधाचा अर्ज वाचायला मिळेल असं कुणाला वाटेल?

मार्चच्या मध्यात, किनाऱ्याच्या बचावाची जबाबदारी असलेल्या फील्डमार्शल रोमेलच्या आग्रहानं डिव्हिजन किनाऱ्यावर आली. वाट्याला आला जवळजवळ 53 किलोमीटरचा पट्टा. एका डिव्हिजननं एवढा किनारा सांभाळायचा म्हणजे ठिगळं लावत बसायचं. डिव्हिजनचे सेनापती जनरल डीट्रिश क्राइस यांनी ओमाहाच्या साधारण आठ किलोमीटरांत आपली फार थोडी माणसं ठेवली. तिथल्या काँक्रीटच्या ठाण्यांत बरेच शिपाई 716 व्या डिव्हिजनमधून उसने आले होते. दोस्तांच्या हेरखात्याला मात्र 352 पुढे सरकल्याचा पत्ता इतक्या उशिरा लागला, की बेत बदलायला वेळच उरला नव्हता.

आता खरी गंमत ऐका, गंमत म्हणायची तर. या भागातली राखीव फौज, म्हणजे 915 वी रेजिमेंट आणि तिच्यासोबतची सायकलस्वार बटालियन, कर्नल मायर यांच्या हाताखाली बायो शहराच्या आग्नेयेला थांबली होती. किनाऱ्यावर कुठे भोक पडलं तर हिनं धावायचं. मध्यरात्री दोस्तांनी विमानांतून कापडी बाहुले पॅराशूटनं सोडले. खरे छत्रीधारी सैनिकही वाऱ्यानं भलतीकडेच विखुरले होते. क्राइस यांचे वरिष्ठ, कोअर कमांडर मार्क्स यांचा त्या दिवशी वाढदिवस होता. रशियात एक पाय गमावलेला हा माणूस चांगलाच तल्लख म्हणून ओळखला जायचा. पण हूल ती हूलच. पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी मायरना हुकूम दिला: पश्चिमेला, कारांतां गावाच्या दिशेनं निघा.

निघाले. उजाडायच्या सुमारास निरोप आला, थांबा. मग निरोप आला, परत फिरा, एक बटालियन ओमाहाकडे पाठवा. त्याच सकाळी किनाऱ्यावरच्या एका ठाण्यातून टेलिफोन आला होता, की अमेरिकन अडथळ्यांमागे दडून बसलेत, त्यांचे रणगाडे जळतायत. वरच्यांना वाटलं, ओमाहा आपल्या मुठीत आहे. म्हणून मायरच्या उरलेल्या माणसांना पूर्वेला, इंग्रज उतरले त्या बाजूला धाडलं. वर आकाश दोस्तांच्या विमानांचं. संध्याकाळपर्यंत मायर ठार झाले होते आणि तुकडीची वाताहत झाली होती. आदल्या रात्रीपासून ही माणसं आधी पश्चिमेला आणि मग पूर्वेला नुसती चालतच होती. जिथं त्यांची गरज होती त्या ओमाहावर त्यातली एकच बटालियन पोचली, तीही वरातीमागून घोडं.

मग ओमाहावर एवढी कत्तल झाली कशी? तर ढगांमुळे अमेरिकन बाँबफेक किनारा सोडून आत शेतांत पडली. समुद्रात सोडलेल्या 29 तरंगत्या रणगाड्यांपैकी 27 बुडाले. आणि टेकाडावरून खाली मोकळी वाळू. अशा जागी मशीनगनमागे कसलेला शिपाई असो की दुधाविना वाढलेला पोरगा, फार फरक पडत नाही.

या डिव्हिजनचा हाइनरिश झेफरलो नावाचा शिपाई पुढे गाजला. आपण त्या दिवशी बारा हजारांवर गोळ्या झाडल्या, हजार-दोन हजार माणसं टिपली, असं तो म्हातारपणी सांगायचा. अमेरिकेचा जुना अधिकृत हिशेब पाहिला, तर ओमाहावरचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून 2400 च्या घरात जातात. नंतरच्या मोजणीत तो आकडा वाढला. पण शेकडो बंदुका चालत असताना एकट्यानं एवढे टिपले हे इतिहासकारांना मान्य नाही. मलाही नाही. बाकी त्या टेकाडावरच्या पोरांची कीव येते हे खरं, तरी ती दुसऱ्याच्या देशात, हिटलरच्या हुकमावर बसली होती, हेही तितकंच खरं.

दुपारी दीडच्या सुमारास डिव्हिजननं वर कळवलं, की शत्रूला समुद्रात परत ढकललंय, फक्त कोलव्हिल गावाजवळ चकमक चालू आहे. त्याच वेळी अमेरिकन टेकाडावर चढून मागच्या गावांत शिरत होते. दिवसभरात 352 नं सुमारे 1200 माणसं गमावली, आणि भर घालायला मागे कुणी नव्हतं. पुढचे सहा आठवडे ती सें-लोच्या कुंपणाकुंपणातून लढत मागे सरत राहिली. 18 जुलैला शहर पडलं. 2 ऑगस्टला क्राइस जखमी झाले, चार दिवसांनी वारले. डिव्हिजन म्हणावं असं काही उरलं नाही.

आकडा मात्र बर्लिननं मरू दिला नाही. सप्टेंबरात उत्तरेला फ्लेन्सबुर्गकडे नवी फौज उभी करून तिला तोच 352 क्रमांक दिला. तिच्यात पुष्कळजण नौदलातले आणि हवाईदलातले. जहाजं नाहीत, विमानांना पेट्रोल नाही, मग घ्या बंदूक. 16 डिसेंबरला जर्मनांनी बेल्जियम-लक्झेंबर्गच्या आर्देन जंगलात केलेल्या मोठ्या हल्ल्यात या नव्या 352 नं लक्झेंबर्गच्या सीमेवरची ऊर नदी ओलांडली. डीकिर्श गाव घेतलं. जानेवारीत अमेरिकनांनी ते परत काढून घेतलं.

नमस्कार.