तव्यावरची जाळी

[दृश्य : कोथरूड, सकाळचे साडेसहा. ओट्यावर झाकलेलं स्टीलचं पातेलं, शेजारी बिडाचा तवा.]

पुण्यातल्या बेकरीत मफिन मागितला, की कागदाच्या वाटीत भाजलेला गोड केक हातात येतो. आज या ओट्यावर होणार आहे तो मफिन निराळा, इंग्लिश मफिन. हा यीस्टने फुगवलेला चपटा, गोल पाव. याला ओव्हन लागत नाही, हा तव्यावर भाजतात. आणि तव्याचा विषय निघाला की आमच्या घरात शेवटचा शब्द आईचा.

पीठ मी काल रात्रीच भिजवलं. ३०० ग्रॅम मैदा, २२५ मिलिलिटर कोमट दूध, २० ग्रॅम लोणी, चहाचा एक चमचा इन्स्टंट यीस्ट, तेवढंच मीठ आणि दोन चमचे साखर. दूध कोमट म्हणजे बोट बुडवून ठेवता येईल इतपतच. कढत दुधात यीस्ट मरतं. हे पीठ हाताला चिकटतं. पोळ्यांच्या कणकेची सवय असलेला हात लगेच मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरायचा. मैदा वाढवला की पीठ घट्ट होतं, आणि घट्ट पिठाला जाळी पडत नाही. हात ओला करून दहा मिनिटं तिंबायचं, बस्स.

मग रात्रभर फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट मंदावतं, पण थांबत नाही. सावकाश आंबलेल्या पिठाला जी चव येते, ती तासाभरात येत नाही. पुण्याच्या मे महिन्यात तर हे पीठ ओट्यावर ठेवून विसरून चालतच नाही, बघता बघता दुप्पट होतं.

[दृश्य : पातेल्यावरचं झाकण उघडतं. फुगलेलं पीठ. आईचे हात.]

या पिठाचे सात गोळे होतात. ताटात रवा पसरायचा, गोळे त्यावर ठेवून तळहाताने बोटभर जाडीचे थापायचे, वरूनही रवा भुरभुरायचा. पाश्चात्य स्वयंपाकघरांत इथे मक्याची भरड वापरतात. आपला बारीक रवा तेच काम चोख करतो. वर ओलसर पंचा टाकून पाऊण-एक तास थांबायचं.

[दृश्य : पंचाने झाकलेलं ताट. खिडकीबाहेर सायकलवरून पाववाला जातो.]

लंडनच्या रस्त्यांवर एकेकाळी मफिनवाले असेच फिरत. डोक्यावर पाटी, तिच्यावर कापड आणि हातात घंटा. त्यांच्या मालाला नुसतं मफिन म्हणत. त्यामागे ‘इंग्लिश’ लागलं ते अमेरिकेत. इंग्लंडमधल्या प्लिमथचा सॅम्युएल बाथ थॉमस १८७४ साली न्यूयॉर्कला गेला, १८८० मध्ये त्याने स्वतःची बेकरी काढली, आणि तिथे हा पाव त्याच्या नावाने रुजला.

[दृश्य : गॅस पेटतो. तव्यावर पाण्याचा हबका.]

माझा पहिला घाणा मी भाकरीच्या आचेवर भाजला होता. दोन्ही बाजू काळपट, मधे कच्चं पीठ. सातही टाकून द्यावे लागले, आणि मला फार वाईट वाटलं होतं. आईने आधीच सांगितलं होतं, ‘‘अगं, एवढा तापवू नकोस. भाकरी करतेयस का?’’

ती पाण्याचा हबका मारून बघते. थेंब गोळ्या होऊन तव्यावर पळायला लागले, तर तवा फार तापलाय. गॅस बंद करून थांबायचं. थेंब जागच्या जागी हलकेच चरचरून आटले, की पहिला मफिन टाकायचा. तेल नाही, तूप नाही, रव्यामुळे तो चिकटत नाही. यामागचं कारण मला नंतर समजलं. पिठातला वायू आणि पाण्याची वाफ, दोघांनाही फुगायला वेळ हवा असतो. कडक आचेवर बाहेरचा पापुद्रा आधीच आवळतो आणि आत सगळं दबून राहतं. मंद आचेवर एकेका बाजूला सात-आठ मिनिटं लागतात. बिडाचा जाड तवा उष्णता धरून ठेवतो, म्हणून आच मधेच वरखाली होत नाही.

[दृश्य : मफिन उलटतो. सोनेरी पाठ, कडेने पांढरा पट्टा.]

कडेचा हा पांढरा पट्टा दाबून बघायचा. बोट काढल्यावर तो परत वर आला, की झाला. मग जाळीवर दहा मिनिटं निवू द्यायचा.

आणि आता सुरी दूर ठेवायची. हॅना ग्लास या इंग्रज बाईंनी १७४७ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात बजावून ठेवलं आहे : मफिनला सुरी लावू नका, तो शिशासारखा जड होईल. सुरी आतली भोकं चेपून सपाट करते. काट्याने कडेकडेने टोचत जायचं आणि दोन्ही हातांनी अलगद उकलायचं.

[दृश्य : अगदी जवळून. मफिन उकलतो.]

आई चष्मा नाकावर घेऊन वाकून बघते. ‘‘अनारशासारखी जाळी पडलीय गं,’’ म्हणते. दिवाळीत अनारसं तुपात सोडल्यावर ती जितकं निरखून बघते, तितकंच.

दोन्ही अर्धे पुन्हा तव्यावर, या वेळी उकललेली बाजू खाली. खडबडीत टोकं तांबूस, कुरकुरीत होतात. खळगे मऊच राहतात. आई वर लोणी ठेवते. ते वितळत एकेका भोकात उतरतं. एका अर्ध्यावर ती चिमूटभर साखर पेरते, मला देते. दुसरा ताटलीत झाकून ठेवते. बाबा फिरून यायचे आहेत.