छातीतून घशाकडे

कर्करोग स्वरयंत्रातून मागच्या घशातही पसरला असेल, तर बऱ्याचदा दोन्ही काढावे लागतात. श्वासासाठी गळ्याच्या तळाशी कायमचं छिद्र ठेवतात. पण घास कुठून उतरणार? वर जीभ आहे, खाली अन्ननलिका आहे आणि मधला रस्ताच गेलेला आहे.

तो रस्ता रुग्णाच्याच शरीरातून बांधतात. त्यासाठी आणलेल्या भागाला डॉक्टर फ्लॅप म्हणतात. नुसती कातडी लावून इथे भागत नाही. लाळ दिवसरात्र झिरपते आणि रेडिएशन घेतलेल्या मानेत रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो. टाके सुटून लाळ मानेत उतरली, तर मेंदूकडे जाणारी मोठी धमनीसुद्धा कुरतडली जाऊ शकते. म्हणून आणलेला भाग स्वतःचा रक्तपुरवठा घेऊनच यायला हवा.

अमेरिकेतल्या बफेलोचे डॉ. वाहराम बाकामजियन यांनी १९६५ मध्ये असा मार्ग दाखवला. छातीच्या वरच्या भागातली कातडी त्यांनी छातीच्या मधल्या हाडाजवळच्या रक्तवाहिन्यांपासून न तोडता मानेत वळवली आणि तिची नळी केली. पण काम पुरं करायला काही आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन लागे. तोवर लाळ मानेतल्या छिद्रातून बाहेर येत राही.

१९७९ मध्ये डॉ. स्टीफन एरियन यांनी कातडीसोबत छातीचा मोठा स्नायूही उचलला. त्याची धमनी गळपट्टीच्या हाडाखालून येते आणि स्नायूच्या आतल्या बाजूने धावते. तिला धक्का न लावता सगळा भाग हाडावरून, मानेच्या कातडीखालून वर सरकवतात. सगळं एकाच ऑपरेशनमध्ये! शिवाय हा जाड स्नायू मानेतल्या धमनीवर पांघरुणासारखा बसतो.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडणं रुळलं. मनगटाजवळची पातळ कातडी, मांडीचा भाग किंवा लहान आतड्याचा तुकडा पूर्ण सोडवून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडता येऊ लागला. आतडं लावताना त्याची दिशा सांभाळावीच लागते, कारण ते घास एकाच बाजूला ढकलतं. टाक्यांचा धागा केसाहून बारीक असतो. पहिले दोन-तीन दिवस सिस्टर ठरावीक वेळाने फ्लॅपचा रंग आणि ऊब तपासतात. निळसर पडला, तर शीर तुंबली असण्याची शक्यता असते. रुग्णाला लगेच पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं.

तंबाखूने आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण केले आहेत, की प्रत्येकासाठी सूक्ष्मदर्शक आणि तयार चमू मिळणं कठीण. छातीचा फ्लॅप त्यांच्यासाठी आजही मोठा आधार आहे. तो जुना झाला म्हणून त्याला कमी लेखणं मला पटत नाही. खांद्याची ताकद थोडी जाते हे खरं. पण त्यासाठीचे व्यायाम घरच्यांनीही शिकून घ्यावेत.

घशातला नवा रस्ता जुळून येईपर्यंत आहार नाकातल्या नळीतून. जखम भरली, की औषध गिळायला देऊन एक्स-रे काढतात. कुठे गळती नसेल तर पाणी सुरू होतं, मग पेज, मग मऊ भात.