पदवी एकाची, समारंभ सगळ्या घराचा

मुंबईत ओव्हल मैदानासमोर, राजाबाई टॉवरच्या शेजारी, विद्यापीठाचं सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह उभं आहे. १८७४ साली ते बांधून पूर्ण झालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईत कधी आलेच नाहीत. मोठ्या गोल खिडकीच्या रंगीत काचांवर बारा राशी आहेत. आणि भिंतींना धरून फिरणारा हा सज्जा पाहा. पदवी घेणाऱ्यांइकतीच समारंभ बघणाऱ्यांचीही इथे सोय आहे.

विद्यापीठ त्याआधीचं, १८५७ सालचं. बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली, तेव्हा हे सभागृह नव्हतं. त्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८९३ मध्ये भांडारकर याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलींसाठी मात्र पदवीची दारं १८८३ मध्ये उघडली. इथल्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. त्या शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

आज विद्यापीठाशी शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत. सगळ्यांना एका सभागृहात बोलावणं अशक्यच. म्हणून बहुतेकांचं पदवीदान आपापल्या कॉलेजात होतं. कोकणातल्या कॉलेजच्या मांडवात पहिल्या रांगेत पाहुणे, मागे इस्त्रीच्या साडीत आई, टोपी सारखी करत बसलेले आजोबा. मुलीचं नाव पुकारलं की आधी तेच उठून उभे राहतात. त्या घरातली ही पहिली पदवी असते. मग वाडीत पेढे वाटले जातात, आणि पुढे लग्नपत्रिकेत नावाशेजारी कंसात बी.कॉम. छापलं जातं. ते छापून घेण्यात कुणाला बडेजाव वाटत असेल, आम्हाला वाटत नाही. फी भरायला कुणाचे दागिने गहाण पडले होते, ते त्या घराला ठाऊक असतं.

काही ठिकाणी मात्र पदवी ऑफिसच्या खिडकीतून हातात येते. सही करा आणि निघा. कागद तोच, पण घरच्यांच्या वाट्याचा दिवस बुडतो. असं होऊ नये.

निकाल लागून कित्येक महिने गेलेले असतात. तोवर मुलं पुण्या-मुंबईत कामाला लागलेली असतात. तरीही रजा टाकून, रात्रीची एसटी पकडून ती येतात, आणि कॉलेजला जाण्याआधी घरी जाऊन आईवडिलांना सोबत घेतात.