मुक्काम उठतो, वास मागे राहतो

[दृश्य: पहाट. सागाखाली उभी कॅम्पर व्हॅन, शेजारी गोवऱ्यांची राख.]

नागपूरहून निघून कामठी, मनसर, पवनी मागे टाकून गाडी सिल्लारीच्या रस्त्याला लागली की शहर संपते. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात व्हॅन लावून रात्र काढता येत नाही. मुक्काम होतो बफरमधल्या गावांलगत, परवानगीच्या जागेवर. ही जंगलाची कड आपण आखलेली. जनावरांना ती ठाऊक नाही. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर यांची रात्रीची वाट अशा जागेवरूनही जाते. ते तसेच पुढे जातील की घुटमळतील, हे बरेचसे जमिनीवर काय सांडले आहे त्यावर ठरते.

[दृश्य: झुडपाआड टाकलेली हाडे, वास घेत आलेली कुत्री.]

सावजी मटणाची पंगत उठते आणि हाडे झुडपामागे जातात. हाडांच्या वासावर गावातली कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागावर बिबट्या. चिवड्याच्या कणांचीही अशीच साखळी आहे: कण, उंदीर, साप. रात्रभर लावलेल्या पांढऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांसाठी बेडूक येतात आणि बेडकांमागे पुन्हा साप. दिवे विझवायला इथे आणखी एक कारण आहे. २०२४ मध्ये पेंचला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेले उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. तारे पाहायला आलेल्यांनी व्हॅनभोवती एलईडीच्या माळा लावू नयेत. मंद, पिवळसर, खाली तोंड केलेला एक दिवा पुरतो.

सापांत सर्वाधिक जपायचे ते मण्यारीपासून. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दात इतके बारीक की बहुधा खूण सापडत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, घोट गिळता येत नाही. रात्रीचे जेवण बाधले असे समजून ओवा-सोडा देण्यात मोलाचे तास जातात. दोरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. माणसाला आडवे करा, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. झोपायचे ते व्हॅनमधल्या बर्थवर. तंबू असेल तर तळ शिवलेलाच हवा आणि चेन पूर्ण लावलेली. बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली व्हॅन लावू नका. पडलेली फुले खायला अस्वल रात्री आणि पहाटे येते. त्याला दिसते कमी, आणि अगदी जवळ दचकले की ते अंगावर येते. अंधारात बाहेर पडताना टॉर्च हवा, बोलणे चालू हवे. समोर आलेच तर पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. वन्यप्राणी जागेवरून हलत नसेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

[दृश्य: व्हॅनच्या पोटाखालचा पाइप, त्यातून ठिबकणारे पाणी.]

हाडे निदान डोळ्यांना दिसतात. सिंकचे पाणी दिसत नाही, म्हणून तेच सर्वांत जास्त घाण करते. दोन माणसांची भांडी, हात-तोंड धरून दिवसाला १५-२० लिटर सहज होते. ते व्हॅनखाली सोडले की मीठ, तेल, भाताची शिते एकाच जागी मुरतात. त्या खारट मातीला हरणे चाटायला येतात, रानडुकरे ती जागा उकरतात. ते टाळायला निचऱ्याच्या नळाखाली बादली ठेवा. पाणी जुन्या सुती कापडातून गाळा आणि चोथा कचऱ्यात टाका. गाळलेले पाणी तलाव-ओढ्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे ऐंशी-नव्वद पावले दूर, थोडे थोडे पसरून मातीवर ओता. ‘नैसर्गिक’ साबणाचेही विघटन पाण्यापेक्षा मातीत चांगले होते, म्हणून खिंडसी तलावाच्या काठावर भांडी घासणे कोणत्याच साबणाने योग्य नाही.

शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी, बाहेर काढता येणारी टाकी, साधारण १८-२० लिटरची असते. दोघांना दोन-तीन दिवस पुरते, पण पाऊण भरली की रिकामी करावी. काठोकाठ भरलेली टाकी कच्च्या रस्त्याच्या हिसक्याने गळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात झडपेचे रबर सुकते आणि वास येऊ लागतो. तिथे सिलिकॉनचे वंगण लावा. खाद्यतेल लावल्यास रबर फुगून झडप अडकते. कॅसेटमध्ये टाकायचे निळे रसायन फॉर्मल्डिहाइडचे असेल तर गावातल्या सेप्टिक टाकीतले जिवाणू त्याने मरतात, आणि मैला कुजेनासा होऊन टाकी तुंबते. एन्झाइमचे द्रावण घ्या आणि कॅसेट विचारूनच, संडासात, भरपूर पाणी टाकत ओता. नाल्यात तर कधीच नाही.

[दृश्य: राखेतून निघणारे रोडगे.]

नागपूरकरांची सहल म्हटली की रोडगे आले, वांग्याची भाजी आली. गोवऱ्यांचा विस्तव वरून राख धरतो आणि आत तासन् तास लाल राहतो. रोडगा खरपूस भाजतो तो त्यामुळेच, आणि सागाचा पाचोळा पेटतो तोही त्यामुळेच. फेब्रुवारीनंतर वाऱ्याची एक झुळूक पुरते. चूल परवानगीच्या जागीच मांडा, भोवती दोन मीटर पाचोळा झाडून घ्या, १० लिटर पाणी आधीच भरून ठेवा. विझवताना पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली तर विस्तव जिवंत आहे. नुसती माती लोटल्याने तो विझत नाही, झाकला जातो.

[दृश्य: रंगाची रिकामी बादली, घट्ट झाकण.]

कचऱ्याला पातळ पिशवी चालत नाही. माकडे ती मिनिटात फाडतात. रंगाची २० लिटरची बादली घट्ट झाकणासह घ्या आणि रात्री व्हॅनच्या आत ठेवा. निघताना व्हॅन चार मीटर पुढे घ्या, कारण बाटलीची बुचे, फॉइलचे तुकडे, खर्रा घोटायची पन्नी हे सगळे तिच्याखालीच सापडते. निचऱ्याचा नळ बंद आहे का पाहा. कचऱ्याची बादली गावच्या उकिरड्यावर रिकामी करू नका. नागपूरला घरी न्या. सकाळी कचरागाडी दारात येते, ओला आणि सुका वेगळा करून तिच्यात द्या.