चौदा दिवसांची ताटबदली

श्रोतेहो, नमस्कार. आज विषय मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा, पण बोलणार आहे मी भाकरी-उसळीबद्दल.

2015 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ऐका. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची वीस आफ्रिकी-अमेरिकन माणसं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलूच्या खेड्यांतली वीस. सगळी निरोगी, पन्नाशी-साठीची. संशोधकांनी त्यांची ताटंच बदलली. दोन आठवडे अमेरिकनांना मका, कडधान्यं, भाज्या. खेड्यातल्यांना सॉसेज, हॅम्बर्गर, तळलेले बटाटे. अमेरिकनांच्या ताटातला चोथा, म्हणजे फायबर, दिवसाला 14 ग्रॅमवरून 55 वर गेला. खेड्यातल्यांचा 66 वरून 12 वर आला. आधी आणि नंतर दुर्बिणीने आतडं पाहिलं, अस्तराचे तुकडे काढून तपासले. जिथे चोथा वाढला तिथे अस्तराचा दाह कमी झाला, पेशींची भराभर होणारी वाढ मंदावली. जिथे चोथा गेला तिथे नेमकं उलटं. किती दिवसांत? चौदा. पुन्हा सांगते, चौदा दिवसांत! कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, तो चौदा दिवसांत होतही नाही आणि जातही नाही. पण अस्तराला ताटातला बदल इतक्या लवकर कळतो.

चोथा आपल्याला पचत नाही. तो आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण. ते तो आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. अमेरिकन गटात ब्युटिरेट अडीचपट झालं होतं.

रोज तीसेक ग्रॅम चोथा पोटात जावा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात तो साधारण 10 ग्रॅम, पॉलिशच्या तांदळात जेमतेम 3. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि एक पेरू, की बहुतेक काम झालं. आणि कृपा करून पीठ मैद्यासारखं चाळू नका. पोळी पांढरी दिसावी म्हणून कोंडा गुरांना घालायचा आणि मग औषधाच्या दुकानातून इसबगोल आणायचा, हे मला अजिबात पटत नाही. पेरूचंही तेच, रस काढू नका, चावून खा. चोथा मात्र हळूहळू वाढवा, सोबत पाणी वाढवा. नाहीतर पोट फुगतं आणि माणूस आठवड्यात कंटाळून सोडून देतो. सलामी, सॉसेज, बेकन रोजच्या डब्यात नकोत.

शौचातून रक्त गेलं, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. रक्त दिसलं की तपासणी. आहार कितीही चांगला असला तरी तपासणी.

उपचार सुरू झाले की गणित उलटतं. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला मऊ भात, मुगाचं वरण. चोथा डॉक्टर सांगतील तेव्हाच. केमोथेरपीत जुलाब लागले तर कोशिंबीर, कोंडा बंद. मीठ घातलेली पेज आणि ओआरएस. वजन घटू देऊ नका: किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, तेव्हा दूध, पनीर, डाळ सगळं लागेल. केमोथेरपीतलं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर गार पाण्याने घशात, बोटांत मुंग्या येतात. म्हणून ताक फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवा.