शेपटीवरचं बारीक नाव

या फोटोत विमानाची शेपूट पाहा. पेटीसारखी, कापडानं मढवलेली. तिच्यावरची ठसठशीत अक्षरं वाचता येतात: दलाग्रांज. हे लेऑं दलाग्रांज पेशानं शिल्पकार. विमान त्यांनी विकत घेतलं होतं. ज्यांनी ते बांधलं, त्यांचं नाव वरच्या बाजूला, बारीक अक्षरांत आहे: व्वाझाँ बंधू. मालकाचं नाव मोठं काढायचं, ही या कारखान्याची रीतच होती.

गाब्रिएल व्वाझाँ आणि त्यांचा धाकटा भाऊ शार्ल. सोन नदीच्या काठी, न्यूव्हिलला आजोबांच्या घरी वाढलेली ही मुलं पतंग आणि होड्या बनवत मोठी झाली. पुढे गाब्रिएल पॅरिसला एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढू लागले. 1900 च्या जागतिक प्रदर्शनात त्यांना हे यंत्र दिसलं. वटवाघळासारखे पंख असलेलं, क्लेमां आदेर यांचं 'आव्हियों'. आज ते पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात जिन्यावर टांगलेलं आहे. त्याच्याखाली उभं राहिलं की त्या तरुण नकाशाकाराला काय वाटलं असेल, ते कळतं.

आता सेन नदी. 8 जून 1905. पॅरिसलगतच्या बिलांकूरजवळ एक मोटारबोट दोराला बांधलेलं यंत्र ओढते आहे. त्याला इंजिन नाही, खाली तराफे आहेत आणि आत गाब्रिएल बसलेले आहेत. पाण्यावरून घसरत घसरत ते उचललं जातं. पाहा, पाणी सुटलं! पुढच्याच महिन्यात, नंतर वैमानिक म्हणून गाजलेले लुई ब्लेरिओ यांच्यासाठी बांधलेलं दुसरं यंत्र याच नदीत कोसळलं आणि गाब्रिएल बुडता बुडता वाचले. तरी ब्लेरिओ आणि ते भागीदार झाले. वर्षभरानं भागीदारी मोडली, आणि 1906 च्या अखेरीस बिलांकूरलाच दोघा भावांनी स्वतःचं काम सुरू केलं. विमानं बांधून गिऱ्हाइकाला विकणारा हा जगातल्या अगदी पहिल्या कारखान्यांपैकी एक.

त्यांचं विमान म्हणजे जणू मोठा पेटीपतंग. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी जो पतंग शोधला, त्याचंच हे रूप. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, आणि सगळं आवळून धरणाऱ्या तारा. इंजिन चालकाच्या पाठीमागे, पंखा त्याच्याही मागे. समोर चाक: पुढे-मागे केलं की विमान खाली-वर होणार, फिरवलं की सुकाणू वळणार. पंख एका बाजूला कलवण्याची सोय मात्र नव्हती. म्हणून वळायचं तर सपाट, लांबलचक वळसा घ्यावा लागे. 30 मार्च 1907 ला शार्ल यांनी दलाग्रांज यांचं विमान बागातेलच्या मैदानावर 60 मीटर उडवलं. साठच मीटर, पण स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर!

मग आले आंरी फार्मां. त्यांनी विमान घेतलं, त्यात पुष्कळ फेरफार केले, रोज सराव केला. 13 जानेवारी 1908, इसी-ले-मुलिनोचं मैदान. खांबाला वळसा घालून ते परत आले. एक किलोमीटर, 1 मिनिट 28 सेकंद. युरोपात हे पहिल्यांदाच घडत होतं. पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस फार्मांना मिळालं, कीर्तीही त्यांचीच झाली. फार्मांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण ते विमान बिलांकूरमध्ये बांधलेलं होतं, हे सांगायलाच हवं.

शार्ल यांनी शालोंच्या मैदानावर रेमोंद द लारोश यांना उडायला शिकवलं. 8 मार्च 1910 ला वैमानिकाचा परवाना मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. दोन वर्षांनी शार्ल मोटार-अपघातात गेले.

पुढे महायुद्ध आलं. 5 ऑक्टोबर 1914 ला व्वाझाँ विमानातल्या बंदुकीनं जर्मन विमान पाडलं, आणि याच कारखान्याची विमानं रात्री बॉम्ब टाकायला जाऊ लागली.

युद्ध संपल्यावर गाब्रिएल यांनी विमानं सोडली आणि मोटारी बांधायला घेतल्या. त्या मोटारींना त्यांनी नाव दिलं: 'आव्हियों व्वाझाँ'. म्हणजे, व्वाझाँ विमानं.