पहिल्या घोटाच्या आधी

नमस्कार. समोर बहुतेक परिचारिका बसल्या आहेत, काही तरुण डॉक्टर आहेत, आणि मागच्या रांगांत रुग्णांचे नातेवाईकही दिसतात. नातेवाईक आले याचा मला विशेष आनंद आहे, कारण पक्षाघाताच्या रुग्णाच्या ओठांना पाण्याचा पेला पुष्कळदा तेच लावतात. माणूस तहानलेला दिसतो, जीभ कोरडी पडलेली असते, आणि आपल्या माणसाला पाणी नाकारणं फार जड जातं. मी आज तुम्हाला तेच करायला सांगणार आहे. गिळणं तपासून होईपर्यंत, थोड्या वेळासाठी, पण ठामपणे.

घोट घशातून खाली उतरायला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्यात मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. यासाठी स्नायूंच्या पंचवीसहून अधिक जोड्या आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या राबतात. पक्षाघातात हा मेळ बिघडतो. श्वासनलिका मिटायला थोडा उशीर झाला तरी पाणी फुप्फुसाच्या दिशेने जातं. २००५ साली आधीच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खाटेपाशी झटपट केल्या जाणाऱ्या चाळणी चाचण्यांनी ३७ ते ४५ टक्के रुग्णांत गिळण्याचा त्रास दाखवला होता, तर एक्स-रे किंवा दुर्बिणीसारख्या यंत्रांनी ६४ ते ७८ टक्क्यांत. गिळण्याचा त्रास असलेल्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला.

चाळणी आणि यंत्रं यांच्या आकड्यांमधली तफावत लक्षात ठेवा, कारण काही रुग्णांना ठसकाच लागत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरतं, पण घशाची संवेदना मंदावलेली असल्यामुळे खोकला येत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘मघाशी दोन चमचे दिले, काही झालं नाही.’ त्या दोन चमच्यांचं नेमकं काय झालं, हे बाहेरून पाहून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

म्हणून खाटेपाशी केली जाणारी चाचणी म्हणजे निदान नव्हे. ती चाळणी आहे. कुणाला आत्ता तोंडाने द्यायला हरकत नाही आणि कुणाला वाचा व गिळणं यांच्या तज्ज्ञाने तपासल्याशिवाय काहीच द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवायचं. नव्वद मिलिलिटर पाण्याची चाचणी तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. रुग्णाने न थांबता सगळं पाणी प्यायचं. मध्ये थांबला, किंवा पिताना वा लगेच नंतर खोकला, तर नापास. तीन हजार रुग्णांवरच्या एका अभ्यासात पाणी श्वासनलिकेत जाणारे जवळजवळ ९६ टक्के रुग्ण या चाचणीने पकडले, पण ज्यांच्या श्वासनलिकेत पाणी जात नव्हतं अशांपैकीही निम्म्याहून थोडे अधिक नापास झाले. काहींना हा दोष वाटतो. मला तो मान्य करण्याजोगा सौदा वाटतो. विनाकारण नापास झालेल्याचा तपासणी होईपर्यंतचा वेळ जातो. चुकून पास झालेल्याला न्यूमोनिया होऊ शकतो.

मात्र पेला हातात घेण्याआधीचं काम पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि घाईत नेमकं तेच गळतं. रुग्ण पूर्ण जागा आहे का, निदान पंधरा मिनिटं सावध राहू शकतो का, ते पाहा. त्याला ताठ बसवा. मुद्दाम खोकायला सांगा. स्वतःची लाळ गिळता येते का, की ती ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते आहे? ‘आ’ म्हणायला लावा आणि आवाज ऐका. गुरगुरणारा, ओला आवाज म्हणजे स्वरतंतूंवर काहीतरी साचलं आहे. ऑस्ट्रियात तयार झालेली, ‘गस’ या नावाने ओळखली जाणारी वीस गुणांची चाचणी अशीच लाळेपासून सुरू होते. तीत आधी दाट केलेलं पाणी, मग पातळ पाणी आणि शेवटी घन पदार्थ येतो. दाट पदार्थ हळू सरकतो, त्यामुळे मंदावलेल्या घशाला सावरायला अवधी मिळतो, हे त्या क्रमामागचं कारण. पाणी आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण अशा घशासाठी तेच सर्वांत अवघड असतं.

पडजिभेजवळ काडी लावून ओकारी येते का ते पाहायचं आणि आली की गिळणं ठीक आहे असं धरायचं, ही जुनी सवय सोडून द्या. गिळणं शाबूत असलेल्या माणसालाही ती ओकारी येत नसेल, आणि येणाऱ्याचं गिळणं बिघडलेलं असू शकतं.

आता गोळीबद्दल. ‘जेवण बंद आहे, पण गोळ्या घोटभर पाण्यासोबत दिल्या’ असं मी अनेक वॉर्डांत ऐकलं आहे, आणि ऐकताना दर वेळी धास्तावते. चाळणी अन्न, पाणी आणि औषध या तिन्हींच्या आधी. अ‍ॅस्पिरिन नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून किंवा गुदमार्गे देता येतं. तोंडावाटेच द्यायला हवं असं नाही.

नापास झालेला रुग्ण उपाशी राहता कामा नये, हेही तितक्याच जोरात सांगते. शिरेतून पाणी सुरू करा, आणि गिळणं सुरक्षित नाही असं ठरलं की नाकातून नळी घालायचा निर्णय पहिल्या दिवसातच घ्या. तोंड मात्र स्वच्छ ठेवा. नळी लागली की दात घासणं थांबतं, जंतू वाढतात, आणि तीच लाळ रात्री नकळत फुप्फुसात जाते. नातेवाइकांनो, पाणी पाजता येत नसेल तेव्हा हे काम तुमच्या हातात आहे. परिचारिकेकडून पद्धत शिकून घ्या.

परिचारिका काय साधू शकतात, हे ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटमधल्या, म्हणजे पक्षाघाताच्या खास कक्षांमधल्या, अभ्यासात दिसलं. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तीन गोष्टींवर परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवलं, तिथे नव्वद दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ४२ टक्के रुग्णांत आढळलं. इतर युनिटमध्ये ५८ टक्क्यांत. श्रेय तिन्ही गोष्टींचं मिळून आहे, एकट्या गिळण्याच्या चाचणीचं नाही. तरीही नवं औषध किंवा महागडं यंत्र न आणता एवढा फरक पडला.

बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या दोन आठवड्यांत सुधारतं, कारण मेंदूची दुसरी बाजू हळूहळू काम उचलते. म्हणून नापास झालेल्याला पुन्हा पुन्हा तपासा. उलटही घडतं. सकाळी पास झालेला रुग्ण संध्याकाळी गुंगीत असेल, तर सकाळचा निकाल धरू नका. ताट बाजूला ठेवा, लाळेपासून पुन्हा सुरू करा, आणि वेळ व निकाल कागदावर लिहून पुढच्या पाळीतल्या परिचारिकेला तोंडीही सांगा.